इंदुमतीची मुलगी

आमची अत्ता शेंगाची चटणी खायची नाही. सोलापुरात जन्म काढून शेंगाची चटणी न खाणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं. अम्मा उखळात शेंगदाणे कुटायला बसली की अत्ता आपलं सूप उचलून दारापुढच्या फरशीवर जाऊन बसायची, आणि कुटणं संपल्याशिवाय आत यायची नाही. विचारलं तर म्हणायची, "पित्त होतं." तिच्या पित्तावर घरात कुणाचाही विश्वास नव्हता, कारण तळलेल्या मिरच्या ती भाकरीबरोबर चार-चार खायची. अत्ता म्हणजे माझ्या वडलांची मोठी बहीण. आमचं घर तेलुगू विणकरांचं, घरात तेलुगू आणि दाराबाहेर मराठी, आणि तेलुगूत आत्याला अत्ता म्हणतात. ती सासर सोडून आली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. सासूनं केस धरून तिला बाहेर काढलं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि नान्नांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ते इतक्या वेळा सांगितलं होतं की मला ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटायचं. मागं काय काय राहिलं, ते मात्र कुणी विचारत नव्हतं.

दोन खोल्यांच्या त्या घरात अत्ता आणि अम्मा अशा दोघी राबायच्या आणि दोघींचं जमायचं नाही. मोठी भांडणं होत नव्हती. अत्ताची जीभच वाईट. अंबाडीची भाजी आंबट झाली की म्हणायची, "चिंच फुकट मिळाली काय?" मी आरशापुढे जरा उभी राहिले की, "बघ बघ, आरसा फुटंस्तोवर बघ." नान्ना सकाळी सायकल काढून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर जायचे, ते सुटले. आम्ही अडकलो. पण एक सांगते, विड्या वळण्यात अत्ताचा हात धरणारं आमच्या गल्लीत कुणी नव्हतं. पाण्यात भिजवून मऊ केलेलं पान, त्यावर पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीनं कापायचं, चिमटीभर तंबाखू घालून वळायचं, दोरा गुंडाळायचा आणि वरचं तोंड अंगठ्याच्या नखानं आत मुडपून बंद करायचं. त्या नखासाठी बायका अंगठ्याचं एक नख वाढवतात. अत्ताचं पिवळं पडलेलं नख मला आजही हुबेहूब काढता येईल.

अकराच्या सुमारास आमच्या दारापुढे पाच बायका सुपं मांडीवर घेऊन बसायच्या. अम्मा, अत्ता, समोरच्या घरातली शकुंतलाअक्का आणि आणखी दोघी. माझी शाळा दुपारची, त्यामुळे तोवर मी त्यांच्यात. हात चालू असले तरी कान मोकळे असतात, आणि मोकळ्या कानांना काहीतरी लागतं. तर त्या वर्षी सगळ्यांना वेड लागलं होतं एका मालिकेचं. साडेसातला लागायची. पुण्यातला मोठा बंगला, त्यातली सासू इंदुमती आणि गरिबाघरची सून रेवा. इंदुमती काय काय करायची! दुधात मीठ टाकायची, रेवाच्या बापाला गेटावरून परत पाठवायची, आणि हे करताना तिच्या कपाळावरचं कुंकू जरासुद्धा फिसकटायचं नाही. बायका तिला शिव्या देत देत विड्या वळायच्या. आणि नेमकं साडेसातलाच आमच्या भागात लोडशेडिंग. गल्लीतले माग एकदम थांबायचे, कान बधिर झाल्यासारखी शांतता व्हायची, आणि सगळ्या घरांतून एकच आवाज यायचा, "गेली."

रस्त्यापलीकडे माझी मैत्रीण रुक्साना राहायची. तिच्याकडची लाइट वेगळ्या वेळी जायची. म्हणून गल्लीनं मला कामाला लावलं. मी रोज रुक्सानाकडे जाऊन मालिका बघायची आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती सांगायची. नकला करून सांगायची, इंदुमतीसारखी मान वळवून दाखवायची. मला त्याचा गर्व चढला होता, कबूल करते. मग एका महिन्यात रुक्सानाच्या घरची केबल बंद झाली. मी बंद टीव्हीपुढे बसून दोन दिवस तिच्याशी नुसत्या गप्पा मारून परत आले. खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण दुसऱ्या दिवशी शकुंतलाअक्का पान कापता कापता म्हणाली, "हं, सांग की गं, इंदुमतीनं दिलेलं औषध रेवानं घेतलं का न्हाय?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "घेतलं की."

झालं. त्या दिवसापासून बंगला माझा झाला. पहाटे उठून वहीत लिहायचं, विसरू नये म्हणून लिहून आणते असं सांगायचं आणि वाचून दाखवायचं. माझी मुलगी आता तेरा वर्षांची आहे. ती फोनवर एका कार्टूनमधल्या राक्षसाची गोष्ट लिहिते, आणि मी डोकावले तर मला समजावते, "मम्मी, याला फॅनफिक्शन म्हणतात. दुसऱ्याची पात्रं घ्यायची आणि पुढचं आपण घडवायचं." मी म्हटलं, आमच्या गल्लीत याला थापा मारणं म्हणायचे. पण तिच्या राक्षसाला रात्री अंधाराची भीती वाटते, हे वाचलं तेव्हा मी थापा हा शब्द मागं घेतला. मीही तेच केलं होतं की.

कारण इंदुमती मला पुरेना. रोज ती वाईट वागणार, रोज रेवा रडणार, लिहायला तरी काय उरणार? एक दिवस अत्ता आणि मी दोघीच घरात होतो, ती पानं भिजवत होती, मी वहीवर डोकं धरून बसले होते. वैतागून म्हणाले, "असल्या बायकांना काळीजच नसतं बघ." अत्तानं पानांची जुडी पाण्यात दाबून धरली. मग म्हणाली, "बिनकाळजाची बाई बघितलीस का तू कधी?" आणि तिनं मला सांगितलं. का सांगितलं, हे मला आजही पुरतं कळलेलं नाही. सासूनं केस वगैरे धरले नव्हते. दोन वर्षं त्या घरात तिच्याशी कुणी बोललंच नव्हतं. नवरासुद्धा नाही. पाणी हवं असलं तर तांब्याकडं बोट, भाकरी हवी असली तर चुलीकडं बोट. "मला हाकललं न्हाई गं कुणी. मी आपल्या पायानं आले. पोरगी तीन वर्षांची होती. झोळीत झोपलेली. तिला तशीच ठेवून आले." मग ओल्या हातानंच माझं मनगट धरून म्हणाली, "तुझ्या अम्मालाबी सांगायचं न्हाई. ह्या गल्लीत मला हाकललेली म्हणून जागा हाय. पोर टाकून आलेली म्हणून न्हाई." मी तिच्या गळ्याची शपथ घेतली.

शपथ मी आठ दिवस पाळली. लिहिणाऱ्या माणसाची शपथ एवढीच टिकते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी मनाशी हिशेब मांडला की नाव तर इंदुमतीचं आहे, बंगला पुण्यातला आहे, कुणाला काय कळणार? आणि एका सकाळी मी वाचलं की इंदुमती पूर्वी एका दुसऱ्या घरात सून होती. तिथं तिच्याशी कुणी बोलत नसे. झोळीतली मुलगी मागं ठेवून ती निघून आली, आणि म्हणून आता कुणाची लेक घरात सुखानं हसली की तिच्या पोटात तुटतं. मुलीला लिहिलेली एक चिठ्ठी तिच्याजवळ आहे. रोज ती चिठ्ठी उघडते आणि कडा नखानं मुडपून परत बंद करते. वाचता वाचता मी वर बघितलं तर बायकांचे हात थांबलेले. विड्या वळायला येणाऱ्या त्या आणखी दोघींपैकी एक पदरानं डोळे पुसत होती, जिनं कालपर्यंत इंदुमतीला सटवी म्हटलं होतं. शकुंतलाअक्का तेवढी हसली. "बंगल्यातली बाई, आन् चिठ्ठी विडीगत मिटालीय बघा," ती म्हणाली. सगळ्या हसल्या. अत्ताची कात्री पानावर तशीच टेकलेली होती, ना पुढं, ना मागं.

त्यानंतर अत्ता माझ्याशी बोलायची बंद झाली. रागावली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर मला हायसं वाटलं असतं. पण नाही. पाणी हवं असलं की तांब्याकडं बोट. दार लावायचं असलं की दाराकडं बोट. अम्मासमोर एखादं वाक्य टाकायची, अम्मा उठून गेली की पुन्हा बोट. तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की ती मला नुसती शिक्षा देत नव्हती, तिनं दोन वर्षं काय खाल्लं होतं ते ती मला भरवत होती. मी ताट अर्धं सोडून उठायला लागले. अम्मानं विचारलं, पोट दुखतंय का, तर मी हो म्हटलं. आणि बाहेर बायकांनी माझा पिच्छा पुरवला होता. इंदुमती मुलीकडं जाणार का? मुलगी कुठंय? गोष्ट थांबवावी तर का थांबवली म्हणून विचारतील, चालू ठेवावी तर अत्ता समोर बसलेली. ती उठून का जात नाही, असं मला वाटायचं. आता कळतं, उठून गेली असती तर तेवढ्यावरून सगळ्यांना समजलं असतं.

मग मी पोरकटपणा केला. मला वाटलं, गोष्टीनं मोडलंय तर गोष्टीनंच सांधावं. दोन पहाटा खपून मी भाग लिहिला. इंदुमती मुलीच्या दारात जाते, मुलगी "आई" म्हणून तिच्या गळ्यात पडते, इंदुमती तिच्या पायाशी बसून माफी मागते, घरी येऊन रेवाच्या डोक्यावरून हात फिरवते. एका भागात सगळं. मी वाचताना माझाच आवाज भरून आला. बायका खूष झाल्या. त्या दोघींपैकी एक म्हणाली, "बरं झालं बाई, सुटली बिचारी." आणि सहा दिवसांनी अत्ता माझ्याकडं बघून पहिला शब्द बोलली.

"खोटं."

बाकीच्यांना वाटलं, तिचा नेहमीचा तिखटपणा. मी वही मिटली आणि दप्तर घेऊन वेळेआधीच शाळेला पळाले. "माझा राक्षस एका दिवसात चांगला झाला तर कुणी वाचणार नाही," असं परवा माझी मुलगी म्हणाली. तिला हे कुणी शिकवलं नाही, मला मात्र शिकावं लागलं.

मधल्या काळात शकुंतलाअक्का भावाकडं गेली होती. भाऊ एमआयडीसीच्या बाजूला राहायचा, तिकडं संध्याकाळची लाइट जात नव्हती. चार दिवस भावाची पाहुणी होऊन, चार भाग बघून ती परत आली, आणि सूप घेऊन बसली तीच माझ्यासमोर. पान हातात घेतलं नाही.

"काय गं, मालिकेत इंदुमतीला मुलगीबिलगी काय न्हाय की."

मी म्हटलं, "पुढं दाखवतील."

"रेवा तर माहेरी गेलीय कवाच. बंगल्याचं दिवाळं निघालंय. तू महिनाभर काय सांगालीस आमाला?"

अम्माचे हात थांबले. "खोटं सांगत होतीस?" तिनं तेलुगूत विचारलं. मी मान खाली घातली. त्या दोघी आधी रागावल्या, मग एकीला हसू आलं, आणि मला वाटलं, चला, थापा म्हणून मिटेल. पण शकुंतलाअक्काला मी ओळखत होते. तिला एखादा धागा सापडला की ती शेवटपर्यंत ओढायची, मागावर तीन पिढ्या गेलेल्या घरातली होती ती.

"थापा मारल्यास, ठीक हाय. पण ही एवढी थाप पोरीच्या डोक्यातनं यायची न्हाय. दोन वर्षं न बोलणारी माणसं, झोळीतलं पोर, नखानं मुडपायचं. हे बघितलेलं हाय कुणाचं तरी. विडी वळणाऱ्या बाईचं." ती सगळ्यांवरून नजर फिरवत आली आणि अम्मावर थांबली. आवाज खाली आणून म्हणाली, "तुझं पयलं लगीन झालतं का गं? पोरीनं आईचं सांगितलं का काय?"

अम्माचा चेहरा पांढरा पडला. ती एवढी साधी बाई की खोटा आळ आला तरी खरा असल्यासारखी घाबरायची. तिच्या हातातली विडी सुटून तंबाखू सुपात सांडली. त्या दोघींनी एकमेकींकडं बघितलं, आणि त्या बघण्याचा अर्थ मला पक्का कळला. संध्याकाळपर्यंत ते गल्लीच्या टोकाला पोचणार होतं, उद्या नान्नांच्या कानावर जाणार होतं. "नाही, तसं नाही," एवढंच माझ्या तोंडून निघालं. तसं नाही तर कसं, हे सांगायला तोंड उघडलं असतं तर शपथ मोडणार होती, न उघडलं तर अम्मा बदनाम होणार होती. मी अत्ताकडं बघितलं नाही, देवाशपथ बघितलं नाही. पण तिचं नख मला दिसत होतं. तिनं हातातल्या विडीचं तोंड मुडपलं, नीट बंद केलं आणि विडी सुपात ठेवली.

"तिचं न्हाई. माझं हाय," अत्ता म्हणाली. "मला कुणी हाकललं न्हवतं. मी पोरीला टाकून आले. ह्या पोरीला मीच सांगितलं."

समोरच्या घरातला माग तेवढा खटखटत होता. मला वाटलं, आता ती उठून आत जाईल. पण तिनं दुसरं पान घेतलं, पत्र्याचा तुकडा त्यावर ठेवला, आणि पानाकडं बघत बोलत राहिली.

"पण हिला मी खरं सांगितलं न्हवतं. झोपली न्हवती ती. जागी होती. झोळीत उठून बसली होती. मी पिशवी उचलली तर तिला वाटलं, मी बाजारला निघाले. हसली. म्हणाली, अम्मा, येताना शेंगा आण. मी म्हटलं, आणते."

अम्मा रडायला लागली. मी हे लिहितानाही थांबले होते आत्ता, पाणी पिऊन आले. वीस वर्षं ती स्वतःलाच झोपलेल्या मुलीची गोष्ट सांगत आली होती. मी एकटीच थापाडी नव्हते त्या घरात. आणि उखळाचा आवाज सुरू झाला की ती बाहेर का जाऊन बसायची, हे अम्माला आणि मला त्याच क्षणी कळलं असणार, कारण अम्मानं पदर तोंडाशी नेत माझ्याकडं बघितलं.

त्या दोघींपैकी जी गोष्ट ऐकून रडली होती, ती आपलं सूप उचलून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही आणि पुढंही कधी आली नाही. इंदुमतीसाठी पदर ओला करणारी बाई अत्ताच्या शेजारी बसायला तयार नव्हती, आणि मी तिला फार दोष देत नाही, गोष्टीतल्या माणसाला क्षमा करायला काही लागत नाही. शकुंतलाअक्का मात्र बसून राहिली. तिनं पान हातात घेतलं आणि विचारलं, "आता कुटं असती ती?"

"टेंभुर्णीला. लगीन झालंय. पोर हाय एक."

"ठाव हाय म्हण की तुला सगळं."

"ठाव हाय."

"मग हितं काय करालीस?" शकुंतलाअक्का म्हणाली आणि अम्माकडं वळून, "तू रडू नको गं, चुकले मी," असं पुटपुटली.

पुढच्या रविवारी अत्तानं मला बरोबर घेतलं. अम्माला नाही, नान्नांना नाही, मलाच. एसटीत ती एक शब्द बोलली नाही, पण हे न बोलणं वेगळं होतं. तिच्या मांडीवर कागदाच्या पुडीत भाजलेल्या शेंगा होत्या. टेंभुर्णीला हायवेच्या कडेला पंक्चरच्या दुकानामागं घर होतं. दार उघडलं ती बाई बारीक, अत्ताच्याच हनुवटीची. "कोण पाहिजे?" तिनं विचारलं. अत्तानं आपलं नाव सांगितलं. नुसतं नाव. त्या बाईनं चौकट धरली. मला वाटलं, आता दार लागणार. मग ती बाजूला झाली. "या. बसा तुमी."

तिनं पाणी दिलं, चहा दिला. पोरगं फरशीवर गाडी फिरवत होतं. काय बोलणं झालं म्हणाल, तर ऊन किती आहे, एसटीला गर्दी होती का, मी कितवीला आहे. अत्तानं पुडी काढून ठेवली. त्या बाईनं ती उघडली नाही, उचलून फळीवर डब्यांच्या मागं ठेवून दिली. तिला काही आठवत होतं की नाही, मला कळलं नाही. अत्तानंही विचारलं नाही. अर्ध्या तासानं आम्ही उठलो. अत्ताच्या चपला बाहेर उन्हात तापल्या होत्या, ती पाय घालणार एवढ्यात मागून ती बाई तांब्या घेऊन आली, चपलांवर पाणी ओतलं आणि काही न बोलता आत गेली.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले होते. मोहोळ मागं पडल्यावर अत्तानं माझ्याकडं न बघता विचारलं, "हे लिवणार हाईस न्हवं?"

"नको असेल तर नाही लिहीत."

तिनं पाय पुढं घेतले. चपला अजून जरा ओल्या होत्या.

"लिही," ती म्हणाली. "पण तिला एवढ्यात अम्मा म्हणायला लावू नको. ती तुमी म्हणाली. तुमीच लिही."